सातपुड्याच्या जंगलाला माणसांचाही इतिहास आहे का?

आहे, आणि आपण नागपूरकर स्वतः त्या इतिहासाचा भाग आहोत, कारण १७०२ साली हे शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह सातपुड्यातल्याच देवगडचा होता.

हा डोंगर सगळीकडे एकाच दगडाचा नाही. मेळघाट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे, तर पचमढीचे कडे त्याहून कितीतरी जुन्या वाळूच्या खडकाचे आहेत. तिथेच १,३५० मीटर उंचीचे धूपगड हे सातपुड्यातील सर्वोच्च शिखर आहे. पचमढीच्या परिसरात साग आणि साल हे दोन्ही वृक्ष भेटतात, ही मला या रानाची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

गोंड आणि कोरकू इथे पिढ्यानपिढ्या राहत आले. १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा मेळघाटातला गाविलगड किल्ला इंग्रजांनी जिंकला आणि पुढे १८६५ मध्ये पचमढीजवळचे बोरीचे जंगल राखीव झाले. सागाचे लाकूड वाचले खरे, पण मोह, तेंदू आणि चराईवर जगणाऱ्यांना आपल्याच रानात परवानगी मागावी लागली. हे सांगितल्याशिवाय वनसंरक्षणाची कथा पूर्ण होत नाही. १९७३-७४ मध्ये मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. नामशेष मानलेला रानपिंगळा हा छोटा घुबडही ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळच पुन्हा दिसला.

नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारला पायी जाणारे विदर्भातले भाविक आजही याच जुन्या डोंगरवाटा तुडवतात.