टीम ‘इज’ की टीम ‘आर’?

तुमच्या भाच्याने ‘द टीम आर वेअरिंग देअर न्यू कॅप्स’ लिहिलं, सरांनी ‘आर’वर लाल काट मारली, आणि टीव्हीवर मात्र ‘इंडिया आर बॅटिंग’ ऐकू येतं. मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

अहो, दोन्ही चालतं. ब्रिटिश इंग्रजीत गट एकसंध धरला तर ‘इज’, त्यातली माणसं डोळ्यांपुढे असली तर ‘आर’. अमेरिकन लोक बहुतेक वेळा ‘इज’च वापरतात. क्रिकेटचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. आमच्या होळकर स्टेडियमवर ८ डिसेंबर २०११ ला सेहवागने २१९ ठोकले नि भारताच्या ५ बाद ४१८ झाल्या, तिथे ‘इंडिया आर’च शोभतं. देशाबद्दल बोलताना मात्र ‘इंडिया इज’.

मी इंदूरला रामबागेत शिकवण्या घेते. इथल्या मुलांची खोड निराळीच: ‘द पोलीस हॅज कम’. हिंदीत ‘पुलिस आ गई’, म्हणजे एकवचन, ते तसंच इंग्रजीत उतरतं. इंग्रजीत ‘पोलीस’ कायम अनेकवचनी, म्हणून ‘हॅव कम’. गंमत म्हणजे मनात ‘पोलीस आले’ असं मराठी असतं, तर उत्तर आपसूक बरोबर आलं असतं. पण माझी नातसुद्धा घरात ‘आजी, पुलिस आली’ म्हणते, तिथे मी कोणाला बोलू!

मराठी तरी कुठे एकमार्गी आहे? वऱ्हाड दोनशे माणसांचं असलं तरी ‘आलं’च. लोक मात्र नेहमी ‘आले’. आणि ‘मंडळी’? आमची आई ‘मंडळी जेवायला बसली आहे’ म्हणायची, शेजारच्या काकू ‘बसली आहेत’. दोघींच्या पंगती व्यवस्थित उठायच्या.

परीक्षेत शंका असली तर एकवचन लिहावं: ‘द कमिटी हॅज सबमिटेड इट्स रिपोर्ट’. गटात फूट दिसत असेल तर बिनधास्त अनेकवचन: ‘द ज्युरी आर डिव्हायडेड’. मी मार्क कापते ते ‘हॅज’ लिहून पुढे ‘देअर’ लिहिणाऱ्यांचे. एकदा धरलेलं वचन वाक्य संपेपर्यंत सोडू नये.

भाच्याने तेही सांभाळलंय, ‘आर’ आणि ‘देअर’. शिवाय अकरा जणांनी मिळून एकच टोपी थोडीच घातली होती! सरांना दाखवा, पण वर्गासमोर नको.