वैयक्तिक कारणास्तव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू येऊन गेलीस तेव्हा तुझा चहा तसाच निवून गेला, आणि तुझ्या फायलीतला तो अर्ज दोनदा वाचूनही मी तुझ्याशी धड काही बोलू शकले नाही. तुझी आई आणि मी एकाच प्रयोगशाळेत वीस वर्षे काढली, तू मला मावशी म्हणतेस. समोर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

अर्ज चार ओळींचा होता. वैयक्तिक कारणास्तव संशोधन पुढे चालू ठेवणे शक्य नाही, तरी पीएच.डी.ची नोंदणी रद्द करावी, ही नम्र विनंती. खाली सही नव्हती आणि तारखेची जागा मोकळी होती. त्या मोकळ्या जागेवर माझी सारी भिस्त आहे.

तुला कोणी सोड म्हणाले का, असे मी विचारले, तर तू म्हणालीस, कोणीच नाही. मार्गदर्शक म्हणाले, बाळ झाल्यावर झेपेल का ते तुम्हीच ठरवा. सासूबाई म्हणाल्या, तुला पटेल तसे कर. नवरा म्हणाला, माझी काही हरकत नाही. म्हणजे नाही असे एकानेही म्हटले नाही, आणि तरीही नकाराचा कागद मात्र तुझ्या हस्ताक्षरात तयार झाला. मुली, नकार ज्याला द्यायचा असेल त्याने तो द्यावा, लेखी द्यावा, कारणासह द्यावा. त्यांचा नकार तू लिहून देऊ नकोस.

मी तो लिहून दिला होता. 1987 साली परदेशातल्या प्रशिक्षणासाठीच्या यादीत माझे नाव पहिले होते आणि माझी मुलगी सव्वा वर्षाची होती. विभागप्रमुखांनी मला बोलावून अगदी वडिलांच्या मायेने सांगितले, की घरी ओढाताण होईल, तुम्ही स्वतःहून कळवलेत तर दुसऱ्या कोणाला तरी वेळेत पाठवता येईल. त्याच दुपारी मी दोन ओळी टंकलिखित करून दिल्या. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द त्यातही होते. पुढे पदोन्नतीच्या मुलाखतीत मी प्रशिक्षणाचा विषय काढला, तेव्हा समितीतल्या एकाने फाइल उघडून माझेच पत्र माझ्यासमोर सरकवले आणि संधी तर आपणच नाकारली होती, असे शांतपणे म्हटले. मला काय बोलता येणार होते? सही माझी होती. त्या पत्राची कार्बन प्रत अजून माझ्या कपाटात आहे. जांभळी अक्षरे पुसट झाली आहेत, पण वाचता येतात.

1933 साली कमला भागवत, पुढे ज्यांना आपण जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी म्हणून ओळखतो, त्यांना स्त्री असल्यामुळे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्या थेट संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कारण विचारले. कारण सांगण्याची वेळ आली, की नकार देणाऱ्याची अडचण होते. त्यांना वर्षभर अटींवर काम करू दिले गेले, तो अपमान त्या कधी विसरल्या नाहीत, पण 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट त्यांच्या नावावर होती. हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी यांचा हिरे आणि माणकांवरचा प्रबंध तयार असूनही एम.एस्सी. नाही म्हणून विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. तो अन्याय विद्यापीठाच्या खात्यावर कायमचा जमा आहे, त्यांच्या नाही. 1948 मध्ये त्या पुण्याच्या वेधशाळेत आल्या आणि हवामानाची उपकरणे देशातच बनावीत म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. शिवाजीनगरच्या ज्या शिमला ऑफिसवरून तू रोज जातेस, तेच हे कार्यालय.

तुझे मार्गदर्शक चांगले आहेत, हे तू रविवारी तीनदा सांगितलेस. असतील. माझे विभागप्रमुखही चांगलेच होते. चांगल्या माणसाला दुखवायला नको म्हणून आपण आपले नाव आपल्या हाताने खोडतो, आणि त्याला त्यात काही वावगे घडले असे वाटतही नाही. गरोदरपणात रसायनांजवळ वावरण्याचा धोका खरा आहे, त्यात वाद नाही; पण त्यावर उपाय म्हणजे कामाची आखणी बदलणे. आधीची निरीक्षणे तपासणे, लेखाचा मसुदा करणे, एवढे काम तुझ्याकडे साचलेले आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते आणि कमाल मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे, ही तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या नियमांतच केली होती आणि 2022 च्या नियमांतही ती कायम आहे. आमच्या वेळी नोकरीत 90 दिवस मिळत. तू ती रजा मागितलीसुद्धा नाहीस, याचा मला राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मी स्वतः विभाग सांभाळला त्या नऊ वर्षांत, 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलेला एकही अर्ज तसाच पुढे पाठवला नाही. खरे कारण लिहा, असा शेरा मारून मी तो परत करत असे. मग कारणे येत: पाळणाघर नाही, रात्रीच्या प्रयोगानंतर घरी परतायला वाहन नाही. त्याच कागदांच्या जोरावर रात्री घरी सोडणारी गाडी सुरू झाली. एक मुलगी मात्र माझ्या टेबलासमोर रडली, मला आता प्रश्न विचारू नका म्हणाली, आणि गेली. मी निष्ठुर आहे असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले, तुझ्या आईनेही म्हटले. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. तरीही तो शेरा मी आज पुन्हा तसाच लिहीन, कारण 1987 च्या त्या दुपारी माझा अर्ज कोणी परत केला असता, तर मला हवे होते.

तेव्हा तो अर्ज फाड आणि रजेचा नवा अर्ज कर. नियमाचा उल्लेख कर, किती दिवस हवेत आणि त्या काळात घरून कोणते काम करशील ते लिही. दोन प्रती काढ, एक आवक विभागात दे आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नकोस. रजा नाकारलीच, तर ते पत्र घेऊन माझ्याकडे ये. पुढचे उत्तर आपण दोघी मिळून लिहू. मसुदा गुरुवारपर्यंत दाखव, मी संध्याकाळी घरीच असते.

तुझी,
मावशी