वाचकांचे प्रश्न : घरातल्या ज्येष्ठांचा पहिला टॅब्लेट

प्रश्न : आईसाठी टॅब्लेट घेतला आहे. तिनं आजवर स्मार्टफोनही वापरलेला नाही. खोकं उघडल्यावर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : खात्यापासून, आणि ते खातं आईचंच हवं. घाईघाईत बरीच मुलं स्वतःच्या गूगल खात्यानं टॅब्लेट सुरू करून देतात. मग मुलाचे ईमेल आणि फोटो आईच्या पडद्यावर यायला लागतात, आणि तिनं चुकून एखादा नंबर पुसला की तो मुलाच्या फोनमधूनही जातो. वेगळं खातं उघडायला दहा मिनिटं लागतात. रिकव्हरीसाठी, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवण्यासाठी, आईचा मोबाइल नंबर द्या, रिकव्हरी ईमेल म्हणून तुमचा पत्ता द्या.

पासवर्ड वहीत लिहून ठेवा. मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी ओळखू येतील असा. 'पासवर्ड कधी लिहून ठेवू नये' हा सल्ला ऑफिसात ठीक आहे. घरात वही चोरीला जाण्यापेक्षा पासवर्ड विसरण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि विसरला तर 'रीसेट मारू', म्हणजे सगळं पुसून टॅब्लेट नव्यासारखा करू, म्हणून सुटका होत नाही. चोराला टॅब्लेट वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइड रीसेटनंतरही आधीचंच खातं मागतो. आयपॅडवर ॲक्टिव्हेशन लॉक तेच करतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) सुरू केलंत तर गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं. तेही त्याच वहीत चिकटवा. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा.

हे झालं की टॅब्लेट चार्जरला लावून वाय-फायवर दोन-तीन तास तसाच राहू द्या. नव्या टॅब्लेटवर अपडेट्सची रांग लागलेली असते, तेवढा वेळ तो अडखळत चालतो. तेव्हाच शिकवायला बसलात तर दाबलेलं लगेच उघडत नाही, आई पुन्हा दाबते, आणि भलतंच काहीतरी उघडतं.

प्रश्न : बाबांनी आयकॉनला बोट लावलं की तो जागेवरून सरकतो, कधी गायबच होतो. दहादा दाखवून झालं. काय चुकतंय?

उत्तर : बाबांचं काही चुकत नाही. बोट साधारण अर्धा सेकंद टेकून राहिलं की टॅब्लेट त्याला 'दाबून धरणं' समजतो. टेलिफोनची आणि टीव्ही-रिमोटची बटणं दाबायची सवय असलेलं बोट तेवढा वेळ सहज टेकतं. तेव्हा शिकवणं थोडं बाजूला ठेवा आणि ही वेळ वाढवा : सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात 'टच अँड होल्ड डिले', त्यात 'लाँग'. काही कंपन्यांनी हा पर्याय 'इंटरॅक्शन अँड डेक्सटेरिटी' या गटात ठेवलेला आहे. हात थरथरत असेल आणि एका दाबाचे दोन होत असतील, तर तिथेच 'इग्नोर रिपीटेड टचेस' सुरू करा. आयपॅडवर ॲक्सेसिबिलिटीतल्या 'टच'मध्ये 'टच ॲकोमोडेशन्स' आहे. तिथलं 'होल्ड ड्युरेशन' मात्र उलट्या अर्थाचं : बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श मानायचा, ते त्यात ठरतं. ते फार वाढवलंत तर टॅब्लेट बिघडल्यासारखा वाटेल.

मग होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये 'लॉक होम स्क्रीन लेआउट' असेल तर ते चालू करा आणि 'ॲड न्यू ॲप्स टू होम स्क्रीन' बंद करा. पहिल्या पानावर सहाच आयकॉन ठेवा; बाकीचे ॲप ड्रॉवरमध्ये, म्हणजे सगळ्या ॲप्सच्या यादीत, असतातच.

मागे जाण्यासाठी कडेवरून बोट ओढायची पद्धत नवख्यांना जमत नाही, कारण पडद्यावर दिसेल अशी खूण तिथे नसते. सेटिंग्जमध्ये 'नॅव्हिगेशन' शोधा आणि तीन बटणांचा पर्याय निवडा. घाबरलं की पहिल्या पानावर आणणारं मधलं बटण दाबायचं, एवढी एकच गोष्ट पहिल्या आठवड्यात पक्की झाली तरी पुष्कळ.

'इंटरनेट गेलं' ही तक्रार आली की आधी विमानाचं चिन्ह दिसतंय का ते पाहा. वरून पट्टी खाली ओढली जाते आणि एअरप्लेन मोडवर बोट पडतं. पट्टीतलं पेन्सिलीचं चिन्ह दाबून ते बटण तिथून काढता आलं तर काढूनच टाका.

अजून दोन कारणं हाताशी संबंधित आहेत. हा पडदा दाबावर चालत नाही. बोटातून होणारा विद्युतभारातला बदल तो ओळखतो. कोरड्या त्वचेत तो बदल कमी होतो, जाड काचेचा स्क्रीनगार्ड तो आणखी कमी करतो. गार्ड पातळ लावा, बोटांना थोडं मॉइश्चरायझर चोळून ते पूर्ण जिरू द्या. दुसरं म्हणजे टॅब्लेट धरलेल्या हाताचा अंगठा पडद्याच्या कडेला टेकत असेल तर टॅब्लेटला दोन बोटं दिसतात आणि चित्र लहान-मोठं होतं. स्टँडचं कव्हर घेतलं की हा प्रश्न मिटतो.

प्रश्न : अक्षरं सगळ्यात मोठी केली, तरी सासूबाई म्हणतात दिसत नाही. उलट काही ठिकाणी बटणंच सापडत नाहीत.

उत्तर : 'फाँट साइज' फक्त अक्षरं वाढवतं, 'डिस्प्ले साइज' आयकॉन, बटणं सगळंच वाढवतं. दोन्ही शेवटपर्यंत नेलंत की खालची 'पुढे' किंवा 'ठीक आहे' ही बटणं पडद्याबाहेर जातात. डिस्प्ले साइज एकच पायरी वाढवा, मग त्यांना चष्मा लावून नेहमीच्या जागी बसवा आणि त्यांनी 'बास' म्हणेपर्यंत फाँट वाढवा. हे तुमच्या डोळ्यांनी ठरवू नका. 'बोल्ड टेक्स्ट'चाही बराच फायदा होतो. स्क्रीन टाइमआउट पाच ते दहा मिनिटं ठेवा, नाहीतर वाचता वाचता अंधार होतो. लॉकसाठी पिन ठेवा. वयोमानानं बोटांच्या रेषा झिजतात, त्यामुळे फिंगरप्रिंट वारंवार नाकारला जातो.

प्रश्न : माझं वय ७४. दिवसातून चार-पाचदा 'तुमच्या टॅब्लेटमध्ये व्हायरस सापडला, लगेच साफ करा' अशी सूचना येते. साफ करू का?

उत्तर : करू नका, त्या सूचनेवर बोटही ठेवू नका. बहुतेक वेळा हा व्हायरस नसतो. एखाद्या संकेतस्थळानं 'सूचना पाठवू का?' असं विचारलेलं असतं आणि वाचायचं पान पुढे सरकावं म्हणून आपण 'अलाऊ' दाबलेलं असतं. सूचनेत बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि संकेतस्थळाचा पत्ता दिसतो, तीच ओळखायची खूण. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' असं जा. परवानगी दिलेल्या पत्त्यांची यादी दिसेल; एकेक उघडून बंद करा. वरचं मुख्य बटणही बंद केलंत की पुढे कुणी विचारणारच नाही. बातम्या वाचायला त्यानं काही अडत नाही.

त्या सूचनेवरून एखादं 'क्लीनर' ॲप आधीच घेतलं गेलं असेल तर ते काढून टाका आणि प्ले स्टोअरमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' या गूगलच्याच तपासणीचं स्कॅन चालवा. आणि फोनवरून कुणी 'मदत करतो, ॲप डाउनलोड करा, त्यावरचा नंबर सांगा' म्हणालं तर फोन ठेवा. त्या नंबरानं तुमचा पडदा त्याला दिसायला लागतो, त्यावर आलेला ओटीपीसुद्धा.

प्रश्न : टॅब्लेटमध्ये सिम नाही. व्हॉट्सॲप चालेल?

उत्तर : चालेल. फोनवरच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून टॅब्लेटवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. फक्त तो फोन १४ दिवसांपेक्षा जास्त काळ वापरला गेला नाही तर टॅब्लेट आपोआप लॉगआउट होतो. म्हणून मुलाच्या कपाटातल्या जुन्या फोनला जोडून ठेवण्यात अर्थ नाही. आजोबांकडे साधा बटणांचा फोन असेल तर अँड्रॉइड टॅब्लेटवर त्याच नंबरानं नवं खातं नोंदवा. कोड त्या फोनवर एसएमएसनं येतो. ऑटो-डाउनलोड बंद करायला विसरू नका. सुप्रभातच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी ३२ जीबी जागा लवकर भरते, आणि भरली की अपडेट थांबतात.

प्रश्न : रात्रंदिवस चार्जरवर ठेवला तर चालतं का?

उत्तर : आजकालचा टॅब्लेट बॅटरी भरली की चार्जिंग थांबवतो, पण महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर आणि गरम राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगतेही. सेटिंग्जमध्ये बॅटरी-संरक्षणाचा ८० टक्क्यांच्या आसपास थांबणारा पर्याय असेल तर तो लावा. नसेल तर दुपारी जेवताना चार्जिंगला लावायची सवय लावा. पडदा एका कडेनं उचललेला दिसला किंवा टेबलावर ठेवल्यावर टॅब्लेट डुलायला लागला तर तो लगेच बंद करा, चार्जर काढा, पडदा दाबून बसवायला जाऊ नका आणि थेट सर्व्हिस सेंटरला द्या.