पेशीश्वसनात ग्लुकोजचं वस्तुमान ऊर्जेत बदलतं का?

नाही. पण शंका रास्त आहे: ग्लुकोज संपतं, ऊर्जा मिळते, मग वस्तुमान गेलं कुठे? हिशेब मांडून पाहा. १८० ग्रॅम ग्लुकोजला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तयार होतो २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी. दोन्हीकडे ३७२. अणू तेच राहतात, त्यांचे बंध बदलतात आणि ऊर्जा त्या बदलातून मिळते. (अगदी काटेकोर बोलायचं तर ऊर्जेबरोबर सुमारे ३० नॅनोग्रॅम जातात, पण ते शाळेच्या तराजूवर दिसणारही नाहीत.)

समीकरण कोरडं वाटत असेल तर एप्रिलमध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या काजूची दारू गाळणाऱ्या भट्टीवर जाच. बोंडूंचा (काजूच्या फळांचा) रस आंबताना जे बुडबुडे येतात, तेच निसटणारं वस्तुमान! तिथे यीस्ट ऑक्सिजनशिवाय काम करतं: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. उघडं भांडं हलकं होतं. वायू धरून ठेवला तर बेरीज पुन्हा १८०.

आपलंही तसंच. सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेतला बराचसा कार्बन शेवटी नाकावाटे हवेत जातो.