वाचकांचे प्रश्न : वजन, वही आणि फोडणी

प्रश्न : मी कांदिवलीहून रोज चर्चगेटला नोकरीसाठी जाते. वजन कमी करण्यासाठी कॅलरी मोजायला सुरुवात कशी करावी?

उत्तर : पहिला आठवडा आहारात काहीही बदल न करता, स्थानकाबाहेरचा वडापाव आणि कार्यालयातला साखरेचा चहा धरून, जे खाल ते त्याच वेळी वहीत लिहावे. मधुमेहाची औषधे चालू असल्यास जेवण कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बहुतेकांचा हिशेब तेलात चुकतो : पोळ्या मोजल्या जातात, फोडणीचे तेल मात्र (सासूबाईंच्या हाताने असो वा आपल्या) अंदाजानेच पडते. १ ग्रॅम तेलातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, १ ग्रॅम कर्बोदकांतून (म्हणजे पोळी-भातातल्या पिष्टातून किंवा साखरेतून) ४. म्हणून आधी तेलाचा चमचा मोजावा. मग रविवारी भाजी आणतानाच आठवड्याच्या डब्यांचा बेत ठरवून मटकी भिजत घालावी.