पहिल्या क्रिटेरियमनंतर
तुमची पहिली क्रिटेरियम, म्हणजे छोट्या मार्गावर अनेक फेऱ्या मारायची सायकल शर्यत, पाचव्या फेरीतच संपली, याचे वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पहिल्या तीन शर्यतींत मीही घोळक्याबरोबर शेवटपर्यंत टिकलो नव्हतो. सिंहगडचा घाट चढणारे पाय इथे आपोआप पुरतात, हा आम्हा पुणेकरांचा नेहमीचा गैरसमज आहे. एक-दीड किलोमीटरच्या फेरीवर दम जातो तो प्रत्येक वळणानंतर पुन्हा वेग पकडताना, आणि तो मागच्यांचा अधिक जातो, कारण पुढचे जेमतेम ब्रेक लावून वळतात, तर शेवटचा जवळजवळ थांबून पुन्हा जोर मारतो.

- पुढच्या दहा-पंधरा जणांत राहा, पण सर्वांत पुढे वारा कापत बसू नका.
- ब्रेक वळणाआधीच लावा. वळणात आतले पेडल वर असू द्या, नाहीतर ते रस्त्याला घासते.
- आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी नेऊ नका. तो वीतभर सरकला, तरी पडता तुम्हीच; माझ्या उजव्या कोपरावरचा व्रण त्याचाच आहे.

पायांची ताकद मोजणारे पॉवर मीटर, कार्बनची चाके आणि शेवटच्या फेरीचे डावपेच यांचा विचार अजून नको. निघण्यापूर्वी टायरमधली हवा तेवढी तपासा.