नवीन कोच आले, जुनी चूक मात्र सोबतच आली

"मॅडम, नवीन कोच आलेत, त्यांच्यासमोर मला स्वतःला सिद्ध करायचंय." समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे बरेच खेळाडू सुरुवात याच वाक्याने करतात. मागे कधीतरी एका मोठ्या मॅचमध्ये चूक झालेली असते, ती मनातून जात नाही, ज्या कोचने ती पाहिली तो तोवर निघून गेलेला असतो, मग दुसरा येतो, कधीकधी तोही टिकत नाही, आणि दरवेळी हा खेळाडू पहिल्यापासून परीक्षेला बसतो. पालकांचे मेसेजही त्याच सुराचे, "आधीचे कोच समजून घ्यायचे हो, हे नवीन बघतसुद्धा नाहीत त्याच्याकडे." प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एका फुटबॉलपटूबरोबर केलेलं काम इथे लिहिते. त्याची परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे बचावफळीच्या पुढे मधल्या फळीत खेळणारा. सीझनची शेवटची मॅच, ड्रॉ झाली असती तरी टीम वरच्या डिव्हिजनला गेली असती. शेवटची काही मिनिटं उरलेली, स्कोअर बरोबरीत, बॉल याच्या पायात. समोरून प्रेस आला, म्हणजे बॉल हिसकावायला विरोधी खेळाडू अंगावर धावून आले, याने मागे वळून न बघताच गोलकीपरला बॅक पास दिला, तो कमी पडला, मधल्या मधे त्यांच्या स्ट्रायकरने उचलला आणि गोल. प्रमोशन गेलं. थोड्याच दिवसांत कोचलाही काढलं, आणि हा कोच म्हणजे ज्याने याला ज्युनियर टीममधून वर आणलेलं. त्यामुळे याच्या डोक्यात पक्कं बसलं की माझ्या एका पासमुळे टीमचं वर्ष गेलं आणि सरांची नोकरी गेली.

नंतर आलेल्या कोचने फॉर्मेशनच बदललं, तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, आणि वरपर्यंत जाऊन प्रेसिंग, त्यात याला कधी जागा तर कधी नाही. सीझनच्या मधेच तेही गेले, असिस्टंट कोचने काही आठवडे टीम सांभाळली, मग परत नवीन. माझ्याकडे आला तेव्हा तो बेंचवर होता.

"तुला नेमकं काय हवंय?" मी विचारलं.

"एक मोठी मॅच मॅडम. एकच. त्यात टीमला जिंकून दिलं की संपलं."

"काय संपलं?"

"ते."

कितीतरी दिवस तो त्या पासला 'ते' असंच म्हणायचा. सगळं सांगायचा, मॅचचं, ड्रेसिंग रूमचं, सरांनी जाताना खांद्यावर हात ठेवला त्याचं, पण 'बॅक पास' हे दोन शब्द काही तोंडातून निघायचे नाहीत.

मी त्याला अलीकडच्या मॅचेसच्या क्लिप घेऊन यायला सांगितलं. मला फुटबॉल कळतो, आवडतो, आणि माझं ठाम मत आहे की खेळाडूबरोबर काम करायचं तर त्याचा खेळ बघायलाच हवा, नुसतं खुर्चीत बसून मनाबद्दल बोलून अर्धंच कळतं. फोनवर आम्ही क्लिप बघितल्या. सब्स्टिट्यूट म्हणून आला की हा धावत सुटायचा, स्वतःची जागा सोडून वर जायचा, लांबून लांबून शॉट मारायचा, प्रत्येक टॅकलमध्ये जीव टाकायचा. आणि स्वतःच्या गोलकडे तोंड असताना बॉल आला की सरळ बाहेर मारायचा. मी परत सुरुवातीपासून लावलं.

"यात तू गोलकीपरला दिलेला पास दाखव मला एक."

त्याने शोधलं, पुढे मागे केलं. नव्हता. दुसऱ्या क्लिपमध्येही नव्हता, तिसऱ्याही. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की इतके महिने त्याने मागे एकही पास दिलेला नाही.

फुटबॉल बघणाऱ्यांना हे किती मोठं आहे ते लगेच कळेल. त्याच्या पोझिशनच्या खेळाडूचं अर्धं काम तेच असतं, समोर वाट बंद दिसली की बॉल मागे द्यायचा, प्रेस करणाऱ्यांना पळवायचं, दुसऱ्या बाजूने खेळ फिरवायचा. जो मागे पास देतच नाही तो मधल्या फळीत कोणत्याच कोचला चालणार नाही, मग त्या कोचने ती जुनी मॅच बघितलेली असो वा नसो. म्हणजे हा समजत होता की जुन्या चुकीमुळे मी बेंचवर आहे, आणि खरं तर ती चूक परत होऊ नये म्हणून तो जे करत होता त्याने त्याला बेंचवर बसवलेलं. मला विचाराल तर अशा बहुतेक केसेसमध्ये खरा त्रास इथेच असतो, चुकीपेक्षा चुकीनंतर केलेली धडपड जास्त महागात पडते.

हे त्याला पटलं, पण पटून काही सुटलं नाही. "ते ठीक आहे मॅडम, पण मला ते फेडायचंच आहे." मग मी विचारलं, "फिटलं असं कोणी म्हणायला हवं?"

"कोच."

"कुठले?"

तो मोजायला लागला. ज्यांच्यावेळी झालं ते सर दुसऱ्या क्लबमध्ये, तिथे बरे चाललेत. नंतरच्यांनी तो विषयच कधी काढला नाही. असिस्टंट तेव्हाही होते, ते म्हणालेले, तू खेळत राहा. आणि आत्ताचे? "यांनी ती मॅच बघितलीये का?" माझा प्रश्न. बराच वेळ तो गप्प. "माहीत नाही. बहुतेक नसेल."

म्हटलं, बघ हं, ज्याचं कर्ज आहे असं तुला वाटतं तो माणूस तर गेला, आणि तू येणाऱ्या प्रत्येक नवीन माणसाच्या हातात हप्ता ठेवतोयस, त्या बिचाऱ्याला कळतही नाही की हे कशाचे.

तो हसला नाही. म्हणाला, "टीममधले तर आहेत ना तेव्हाचे." मी म्हटलं मग विचार त्यांना. गोलकीपरला विचार, ज्याला तो पास पोचला नाही त्याला. याची तयारी व्हायला वेळ लागला, दोनदा जाऊन न विचारताच परत आला. शेवटी एकदा ट्रेनिंगनंतर विचारलं आणि त्याच संध्याकाळी मला फोन केला, आवाज वेगळाच.

"मॅडम, तो म्हणाला, तुझा पास माझ्या डोक्यात पण नाहीये. तो म्हणतो मी दोन पावलं आधी निघालो असतो तर बॉल माझा होता, मी लाइनवर अडकलो, आजही झोपताना मला तेच दिसतं." मग थोडं थांबून, "इतके दिवस आम्ही एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसतोय मॅडम."

या एका फोनने जे झालं ते माझ्या कितीही बोलण्याने झालं नसतं. त्याच गोलचा सगळा भार दोन माणसं आपापल्या घरी वेगवेगळा वाहत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की टीम आपल्याचकडे बोट दाखवतेय. गोल पडायला मैदानावर बऱ्याच गोष्टी घडाव्या लागतात, पण लोकांच्या लक्षात राहतो तो शेवटचा पाय. 1994 च्या वर्ल्ड कप फायनलला इटली ब्राझीलकडून पेनल्टी शूटआउटवर हरली, तर नाव लागलं रॉबर्टो बाजिओचं, कारण शेवटची पेनल्टी त्याने बारवरून मारली. त्याआधी त्याच्याच टीममधल्या बारेसीची वरून गेलेली, मासारोची अडवलेली. आणि नायजेरिया, स्पेन, बल्गेरिया या तीन मॅचेसमध्ये मिळून पाच गोल करून इटलीला फायनलपर्यंत नेलं ते याच बाजिओने. हे मी त्याला सांगितलं, त्याला माहीतच होतं सगळं, फक्त स्वतःच्या बाबतीत कधी लावून बघितलं नव्हतं.

मग त्याने त्याचं हुकमी उदाहरण काढलं, "पण बेकहॅमला तर मिळाली ना एक मॅच!" 1998 ला अर्जेंटिनाविरुद्ध रेड कार्ड, सगळा इंग्लंड त्याच्यावर तुटून पडलेला, आणि 2002 च्या वर्ल्ड कपला त्याच अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टीवर गोल. चुकीचं परिमार्जन म्हटलं की खेळाडूंना ही गोष्ट हमखास आठवते. मी त्याला म्हटलं, मधली चार वर्षं सांग. रेड कार्डनंतरच्या सीझनमध्ये मँचेस्टर युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकलं, त्यात बेकहॅम खेळत होता. तिकडे इंग्लंडचे कोच बदलत गेले, हॉडल गेले, कीगन आले, तेही गेले, आणि 2000 मध्ये एका मॅचपुरती टीम सांभाळणाऱ्या पीटर टेलरनी त्याला कॅप्टन केलं. मग एरिक्सन आले, त्यांनीही त्यालाच कॅप्टन ठेवलं. 2001 मध्ये ग्रीसविरुद्ध अगदी शेवटी त्याच्या फ्री किकने इंग्लंडला वर्ल्ड कपचं तिकीट मिळालं. आणि मग कुठे ती पेनल्टी. म्हणजे पेनल्टी मारायच्या आधीच विश्वास परत आलेला होता, तोही एका मॅचने नाही, साध्यासुध्या शनिवारच्या मॅचेस खेळून खेळून.

"आणि समजा ती पेनल्टी हुकली असती तर?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तरी तो बेकहॅमच असता." आणि आपणच बोललेलं ऐकून माझ्याकडे बघत राहिला.

मी स्वतः मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांच्या वाटेने काम करते, आणि त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट हीच, की कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. तो पास वाईट होता, याबद्दल मी त्याला एकदाही खोटा दिलासा दिला नाही. पास वाईटच होता. पण 'वाईट पास दिला' इथून 'मी टीम बुडवणारा माणूस' इथपर्यंत जी उडी मारली जाते, ती मैदानावर कोणी मारत नाही, ती रात्री अंथरुणात पडून मारली जाते, आणि तिथेच ती पकडावी लागते. वर्षानुवर्षं हे काम करून माझी खात्री झालीये की खेळाडू हे फार पटकन शिकतात, कारण त्यांना रोज दिसतं की कालचा स्कोअर आजच्या मॅचमध्ये धरत नाहीत.

पुढचं काम साधं होतं पण कष्टाचं. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी नीट वाचा.

'विसरून जा' हा सल्ला कोणी देऊ नका, विसरायचं ठरवलं की ते जास्तच आठवतं. त्याऐवजी ती क्लिप एकदा, खेळ कळणाऱ्या कोणाबरोबर तरी, गोलच्या अर्धा मिनिट आधीपासून बघा आणि चूक खेळाच्या भाषेत लिहा. याने लिहिलं, "बॉल येण्याआधी मागे बघितलं नाही. शरीर बंद होतं. पासला जोर कमी." शरीर बंद म्हणजे मागचं मैदान दिसेल असं वळलेलं नव्हतं. हे लिहिताना त्याने पहिल्यांदा 'बॅक पास' असा शब्द लिहिला. या तिन्ही गोष्टी ट्रेनिंगमध्ये सुधारता येतात, 'मी टीम बुडवली' यावर कुठलंही ड्रिल नाहीये. मग ज्याची भीती आहे तेच मुद्दाम करायचं, रोज ट्रेनिंगनंतर तो आणि तोच गोलकीपर, अंगावर प्रेस करायला तिसरा कोणीतरी, आणि बॅक पास. सुरुवातीला पाय थरथरायचे म्हणाला. टाळत राहिलं की भीती वाढते, करत राहिलं की ती कंटाळवाणी होते, आणि कंटाळवाणी होणं हेच आपल्याला हवं असतं.

मॅचमध्ये चूक झाली की पुढच्या क्षणाला काय करायचं तेही आधीच ठरलेलं असू द्या, छोटंसं काहीतरी, जागेवर परत ये, तुझा माणूस, म्हणजे ज्या विरोधी खेळाडूला तुला अडवायचंय तो, कुठे आहे बघ, कोणाला तरी नावाने हाक मार. डोक्याला काम दिलं की ते मागे जात नाही.

आणि नवीन कोच. त्यांच्याकडे जाऊन जुन्या चुकीची माफी मागू नका, त्यांना त्याचं काही करता येत नाही. विचारायचं ते आजचं विचारा, मला कुठल्या पोझिशनवर बघताय, बॉल आपल्याकडे असताना आणि गेल्यावर माझ्याकडून काय हवंय, येत्या काही आठवड्यांत कुठली एक गोष्ट सुधारू. याने विचारलं. उत्तर आलं, "तू बॉलला वेळ देत नाहीस, मागे खेळायला घाबरतोस." जुन्या मॅचचा एक शब्द नाही. हे मात्र खरं की कधीकधी नवीन कोचच्या फॉर्मेशनमध्ये तुमच्यासाठी खरंच जागा नसते, मग क्लब बदलायचा विचारही करावा लागतो, तो तुमच्या लायकीवरचा निकाल नसतो. मिडफिल्डर ग्रॅनिट झाकाची इंग्लंडच्या आर्सेनल क्लबमध्ये प्रेक्षकांशी खटका उडून नोव्हेंबर 2019 मध्ये कॅप्टनशिप गेली, त्याच महिन्याच्या शेवटी कोच एमरीही गेले, तो क्लब सोडायच्या बेतात होता, नवीन आलेल्या आर्टेटांनी त्याला थांबवून घेतलं आणि नंतर तो कित्येक सीझन तिथेच खेळला. एकच खेळाडू, कोच बदलला आणि गणित बदललं. कधी ते तुमच्या बाजूने बदलतं, कधी विरुद्ध, आणि दोन्हीतलं फार थोडं तुमच्या हातात असतं.

हा आता काही मॅचेस सुरुवातीपासून खेळतो, काही बेंचवरून. प्रमोशन अजून झालेलं नाही, ती 'एक मोठी मॅच' पण आलेली नाही. मध्ये त्याचा मेसेज आला, "आज परत एक बॅक पास शॉर्ट पडला मॅडम, कॉर्नर गेला, मी जाऊन माझा माणूस पकडला." कॉर्नरचं पुढे काय झालं ते त्याने लिहिलंच नव्हतं, मीही विचारलं नाही.

पालकांना एवढंच सांगते, मॅच संपल्यावर गाडीत बसल्या बसल्या कोचचं विश्लेषण सुरू करू नका, आधीचे चांगले आणि हे वाईट हे तर अजिबात नको, कारण मग मुलाला आपल्या खेळाबरोबर तुमचा रागही सांभाळावा लागतो. आणि चुकीनंतर बरेच आठवडे झोप उडालीये, खाणं सुटलंय, दारूकडे वळलाय, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, असं काही दिसलं तर ते नुसतं फॉर्मचं दुखणं समजू नका, लगेच सायकियाट्रिस्टला दाखवा. औषधं लागली तर घ्यावीत, खेळाडूने मात्र कुठलंही नवीन औषध सुरू करताना आपण खेळतो हे डॉक्टरांना आधी सांगावं आणि टीमच्या डॉक्टरांकडून बंदी असलेल्या औषधांची यादी तपासून घ्यावी. समुपदेशन त्याच्या जोडीने चालू ठेवता येतं.